फॅट-३२ सगळीकडे चालतं, पण मोठा व्हिडिओ त्यात मावत नाही

व्हिडिओ एडिटिंग शिकणाऱ्यांमध्ये एक सल्ला सतत फॉरवर्ड होत असतो. त्याचा आशय असा : विंडोज, मॅक आणि लिनक्स यांच्यात मोठे व्हिडिओ न्यायचे तर पेनड्राइव्ह फॅट-३२ मध्ये (डिस्कवर फाइली मांडून ठेवण्याची एक जुनी पद्धत) फॉरमॅट करा, ते सगळीकडे चालतं. फाइल मोठी असेल तर झिप करा. विंडोजवर उघडली नाही तर नावातलं 'एमओव्ही' खोडून 'एमपी४' लिहा. काढण्याआधी संगणकाला सांगून इजेक्ट करण्याची आता गरज नाही, पेनड्राइव्ह सरळ काढून घ्या.

यातला एकही सल्ला मोठ्या व्हिडिओसाठी धड नाही. ज्याच्याकडे लग्नाच्या किंवा एखाद्या मुलाखतीच्या शूटिंगची एकच प्रत आहे, त्याचं तर यापायी भरून न येणारं नुकसान होऊ शकतं. आणि फॉरमॅट केलं की पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं जातं, हे सांगण्याची तसदीही त्या संदेशात घेतलेली नसते.

फॅट-३२ सगळीकडे चालतं, एवढं खरं. पण त्यात प्रत्येक फाइलचा आकार नोंदवायला ३२ बिटांचीच जागा आहे. त्यामुळे पेनड्राइव्ह २५६ जीबीचा असला तरी एक फाइल ४ जीबीच्या पुढे जाऊ शकत नाही. आयफोनवर प्रोरेस या उच्च दर्जाच्या व्हिडिओ प्रकारात ४के चित्रण केलं तर एका मिनिटाचे सुमारे ६ जीबी होतात, म्हणजे तिथे मिनिटभराचा शॉटही बसणार नाही. कॉपी करताना 'फाइल फार मोठी आहे' असं उत्तर येतं, जागा मात्र भरपूर दिसत असते. मग लोक पेनड्राइव्हच बिघडला असं समजतात. जुन्या कॅमेऱ्यांतून सलग शॉट तुकड्यातुकड्यांत बाहेर पडतो, त्यामागेही बहुतेकदा हीच मर्यादा असते.

यावर खरा पर्याय एक्सफॅट हा दुसरा फॉरमॅट. मायक्रोसॉफ्टने तो २००६ मध्ये आणला, मॅकवर तो २०१० पासून आहे, आणि २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याचा तपशील खुला केल्यावर लिनक्सच्या कर्नलमध्येही, म्हणजे गाभ्यातही, आला. विंडोजच्या एनटीएफएस फॉरमॅटची डिस्क मॅकला वाचता येते, पण वेगळं सॉफ्टवेअर टाकल्याशिवाय तीवर लिहिता येत नाही. मॅकची एपीएफएस किंवा लिनक्सची एक्स्ट-४ डिस्क विंडोज स्वतःहून वाचत नाही. अशी डिस्क लावल्यावर विंडोज 'फॉरमॅट करायची का' असं विचारू शकतं. तिथे कधीही होकार देऊ नका.

एक्सफॅटवर मॅकवरून कॉपी केलं की विंडोजमध्ये क्लिपच्याच नावाच्या, पण टिंब आणि अधोरेषेने सुरू होणाऱ्या चिमुकल्या फाइली दिसतात. त्या उघडत नाहीत म्हणून क्लिप खराब झाली असं समजू नका. मॅक आपली जादा माहिती त्यांत ठेवतो, खरा व्हिडिओ शेजारीच सुखरूप असतो. नावांकडेही लक्ष द्या : लिनक्सवर फाइलच्या नावात '१०:३०' अशी वेळ लिहिलेली चालते, पण विंडोजला आणि एक्सफॅटला त्यातलं दोन टिंबांचं चिन्ह (कोलन) मंजूर नाही.

झिपने काही साधत नाही. व्हिडिओ आधीच दाबून लहान केलेला असतो, झिपमध्ये तो जवळजवळ तितकाच राहतो. वेळ मात्र जातो.

नाव बदलण्याचा उपाय तर मुळातच चुकतो. एमओव्ही आणि एमपी४ ही बाहेरची वेष्टणं आहेत. आतलं चित्र कोणत्या कोडेकमध्ये, म्हणजे व्हिडिओ दाबण्याच्या आणि उलगडण्याच्या कोणत्या पद्धतीत आहे, त्यावर फाइल चालणं ठरतं. २०१७ पासून नव्या आयफोनवर एचईव्हीसी कोडेक वापरला जातो आणि विंडोजच्या स्वतःच्या प्लेअरला त्यासाठी अनेकदा वेगळा जोड लागतो. व्हीएलसी या मोफत प्लेअरमध्ये तो आधीपासून असतो, म्हणून तीच फाइल तिथे चालते. समोरच्याला फक्त पाहायचं असेल तर एच.२६४ या जुन्या, सर्रास चालणाऱ्या कोडेकमधली वेगळी प्रत काढून द्या. मूळ फाइल जशीच्या तशी ठेवा, कारण पुन्हा एन्कोड करताना गेलेला दर्जा परत येत नाही.

इजेक्टबद्दलचा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो. विंडोज १० च्या २०१८ मधल्या एका आवृत्तीपासून पेनड्राइव्ह लगेच काढता यावा अशी मूळ सेटिंग आहे, हे मान्य. पण कॉपी चालू असताना तो काढणं तिथेही सुरक्षित नाही. लिनक्सवर तर कॉपी किती झाली ते दाखवणारी पट्टी पूर्ण भरलेली दिसते तेव्हाही बराच भाग मेमरीतून पेनड्राइव्हवर उतरायचा बाकी असू शकतो. त्यात एक्सफॅटमध्ये बदलांची आगाऊ नोंद ठेवणारं जर्नल नसतं. मध्येच ओढला तर नुसती ती क्लिप नाही, अख्खं फोल्डर हातचं जाऊ शकतं.

दोन्ही संगणक एकाच खोलीत असतील तर पेनड्राइव्हची गरजच काय? नेटवर्कवरून फाइली वाटून घेण्याची एसएमबी ही पद्धत तिन्ही प्रणालींना समजते. नेटवर्कवरून फाइल घेताना डिस्क कोणत्या फॉरमॅटची आहे याने फरक पडत नाही, कारण ती वाचण्याचं काम तिचा मूळ संगणकच करतो. गिगाबिट केबलवर डिस्का तितक्या वेगाच्या असल्या तर ५० जीबी साधारण ८ मिनिटांत जातात.

कॉपी झाल्यावर दोन्हीकडे फाइलचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे तिच्या आशयावरून निघणारा ओळखीचा आकडा, काढा. त्याची सोय विंडोज, मॅक आणि बहुतेक लिनक्समध्ये आधीपासूनच असते. दोन्ही आकडे जुळेपर्यंत कॅमेऱ्याचं कार्ड पुसू नका.