दीर्घिकांच्या वायूविषयीच्या प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

कन्या समूह या दीर्घिकांच्या मोठ्या समूहात दीर्घिकांचा हायड्रोजन वाऱ्यासारख्या दाबाने कसा नाहीसा होतो, या माझ्या लेखावर आपण लिहिले आहे, "वारा-बिरा सगळा कल्पनाविलास आहे, दाटीत दीर्घिका एकमेकींना ओढतात म्हणून वायू जातो, आणि एखादे पुस्तक उघडले असते तर हे आपल्यालाही कळले असते." मतभेदाला माझी हरकत नाही, पण हा शेवटचा टोमणा अनावश्यक होता. पुण्यात पदवीच्या वर्गांना भौतिकशास्त्र शिकवण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या अँटेनांखाली उभे राहून हायड्रोजनच्या रेडिओ लहरींची २१ सेंटिमीटरची तरंगलांबी मी विद्यार्थ्यांना समजावून दिली आहे. पुस्तके उघडण्याचा सल्ला निदान मला तरी देऊ नये.

आता 'कल्पनाविलासा'विषयी. समूहातील दीर्घिकांमधली जागा रिकामी नसते. तिथे कोट्यवधी अंश तापमानाचा विरळ वायू भरलेला असतो आणि क्ष-किरणांत तो स्पष्ट दिसतो. त्यातून एखादी दीर्घिका सेकंदाला हजारेक किलोमीटर वेगाने जाते, तेव्हा तिच्यावर समोरून येणाऱ्या या 'वाऱ्या'चा दाब त्या वायूची घनता गुणिले वेगाचा वर्ग इतका असतो; दीर्घिकेच्या तबकडीचे गुरुत्वाकर्षण त्याला पुरे पडेनासे झाले की तिचा वायू सुटतो, हे गन आणि गॉट या खगोलशास्त्रज्ञांनी १९७२ मध्येच मांडले. हे ओढाताणीने घडत असते तर तारेही विस्कटले असते, कारण गुरुत्वाकर्षण ताऱ्यांना वगळून नुसत्या वायूला ओढत नाही. कन्या समूहातली एनजीसी ४५२२ ही दीर्घिका पाहा. ताऱ्यांची तबकडी जागच्या जागी आहे. हायड्रोजन मात्र तिच्या बाहेरच्या भागातून पार पुसला गेला आहे आणि उरलेल्यातला बराचसा एकाच बाजूला तबकडीबाहेर लोटला गेला आहे. ओढाताणीने हे चित्र कसे तयार होईल, ते आपणच सांगावे.

ओढीचा परिणाम मी एका वाक्यात उरकला, एवढे मान्य. दीर्घिकांच्या लहान गटांत वेग सेकंदाला काहीशे किलोमीटरच असतात, आणि तिथे तिचे पारडे जड होते. एम ८१ आणि एम ८२ या शेजारी दीर्घिकांमध्ये पसरलेले हायड्रोजनचे पट्टे हे तिचेच काम. पण माझा लेख कन्या समूहाविषयी होता.

वायू गेला तर केंद्राजवळ तारे अजून कसे जन्मतात, हा आपला दुसरा प्रश्न. तिथला रेण्वीय, म्हणजे रेणूंच्या रूपातला, वायू दाट आहे, घट्ट धरलेला आहे, म्हणून टिकतो; हे लेखात लिहिलेले आहे. टीका करण्यापूर्वी तो शेवटपर्यंत वाचला असता, तर हा प्रश्न आपल्याला विचारावाच लागला नसता.