हिरवा म्हणजे ‘जा’ नव्हता

वाहतुकीच्या सिग्नलवरचा तुमचा लेख आवडला, पण त्यातलं ‘सिग्नलचा शोध गॅरेट मॉर्गन या अमेरिकन संशोधकाने लावला’ हे वाक्य खटकलं. मॉर्गनचं पेटंट 1923 चं. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहराच्या युक्लिड ॲव्हेन्यूवर विजेचे लाल-हिरवे दिवे त्याआधीच, 5 ऑगस्ट 1914 ला लागले होते. मॉर्गनचा सिग्नलचा खांब हाताने फिरवायचा होता. त्यातली खरी गंमत म्हणजे सगळ्या बाजू एकदम थांबवणारी मधली अवस्था. ते श्रेय त्याला जरूर द्या.

पण पहिला मान लंडनचा. डिसेंबर 1868 मध्ये पार्लमेंटच्या बाहेर जे. पी. नाइट या रेल्वे इंजिनिअरने खांब उभा केला. दिवसा रेल्वेच्या सिग्नलसारखे हात, रात्री गॅसचे लाल-हिरवे दिवे, आणि खाली ते हलवायला एक पोलीस. हात आडवा झाला की घोडागाड्यांनी थांबायचं. खाली तिरका असला की जपून जायचं, चालणाऱ्यांकडे बघून! रात्री हिरव्याचा अर्थही तोच: जपून. म्हणजे हा सगळा खटाटोप मुळात रस्ता ओलांडणाऱ्या माणसांसाठी होता. (आमच्या चौकात हिरवा पडायच्या आधीच मागून हॉर्न सुरू होतात, ते सोडा.)

महिनाभरातच, जानेवारी 1869 मध्ये, गॅसगळतीने स्फोट झाला आणि ड्यूटीवरचा पोलीस भाजला. पुढे तो खांब काढूनच टाकला. पिवळा दिवा कधी आला ते लेखात राहिलंय: 1920, डेट्रॉइट, आणि तो आणणारा विल्यम पॉट्स स्वतः पोलीस होता.