क्लाउडवर टाकलं की कायमचं राहतं म्हणे!

नौपाड्यातल्या मावशीने तो मेसेज मला पाठवला आणि खाली विचारलं, "अरे, मग ती जुनी हार्ड डिस्क भंगारात देऊ का?" म्हणून हे लिहायला बसलोय, नाहीतर फॉरवर्डना उत्तरं द्यायला कोणाला वेळ आहे. तुमच्याकडे पण आला असेल, 'क्लाउड कॉन्फरन्सहून परतलेल्या इंजिनिअरने सांगितलेल्या ५ गोष्टी'. कुठली कॉन्फरन्स, कधी झाली, कोण हा इंजिनिअर, पत्ताच नाही. मुद्दे काय तर क्लाउडवरचा, म्हणजे इंटरनेटवरून वापरायच्या दुसऱ्या कंपनीच्या मशीनवरचा, डेटा कधीच जात नाही, म्हणून फोनमधले फोटो बिनधास्त उडवा, आपला सगळा डेटा अमेरिकेत असतो, क्लाउडवर गेलं की कंपनीचा खर्च निम्मा होतो, आणि 'सर्व्हरलेस' नावाची सोय आल्यामुळे आता सर्व्हर, म्हणजे डेटा ठेवणारी आणि प्रोग्रॅम चालवणारी मशीन, ही वस्तूच उरली नाही.

मी ऐरोलीत क्लाउडचंच काम करतो आणि असल्या कॉन्फरन्सना जाऊन आलोय. कीनोटला, म्हणजे मुख्य भाषणात, सगळं गुलाबीच असतं, स्टॉलवर टी-शर्ट मिळतो, पण जेवणानंतर अर्धा हॉल पेंगत असतो तेव्हा नेमकी कामाची स्लाइड येते, शेअर्ड रिस्पॉन्सिबिलिटी, म्हणजे वाटून घेतलेली जबाबदारी. इमारत, वीज, मशीन क्लाउड कंपनी बघणार, तुमचा डेटा आणि त्याचा बॅकअप तुम्ही बघायचा. मेसेजवाले इंजिनिअर साहेब तेव्हा बहुतेक चहाच्या लाइनीत होते.

"कधीच जात नाही" वाल्यांनी दक्षिण कोरिया बघावं. २६ सप्टेंबर २०२५ ला डेजॉनमधल्या सरकारी डेटा सेंटरमध्ये लिथियम-आयन बॅटऱ्यांना आग लागली. तिथे जी-ड्राइव्ह नावाचं सरकारी क्लाउड स्टोरेज होतं, कर्मचाऱ्यांना कामाच्या फाइली त्यातच ठेवा म्हणून सांगितलेलं, आणि त्याचा बाहेर कुठे बॅकअपच नव्हता, का तर साइझ फार मोठी. ८५८ टेराबाइट डेटा गेला. यावर कोणीतरी म्हणणारच की ते सरकारी होतं, मोठ्या कंपनीत असं होत नाही. होतं. मे २०२४ मध्ये गूगल क्लाउडवरचं युनिसुपर या ऑस्ट्रेलियन पेन्शन फंडाचं अख्खं प्रायव्हेट क्लाउड सबस्क्रिप्शन चुकीच्या सेटिंगमुळे डिलीट झालं, दोन वेगळ्या ठिकाणी कॉपी होत्या त्या दोन्ही गेल्या, आणि दुसऱ्या पुरवठादाराकडे ठेवलेला बॅकअप कामी आला.

आता थोडं खरं आहे तेवढं मान्य करतो. अॅमेझॉनची एस३ ही फाइली साठवायची क्लाउड सेवा ९९.९९९९९९९९९ टक्के टिकाऊपणासाठी डिझाइन केलेली आहे आणि कपाटातल्या डिस्कपेक्षा ते कधीही भारी. पण ती खात्री त्यांची डिस्क बिघडली तर, तुम्ही स्वतः डिलीट दाबलंत तर नाही.

आणि हा मेसेज नेमकं तेच दाबायला सांगतोय, माझं डोकं फिरलं ते इथे. गूगल फोटोज अॅपमध्ये बॅकअप चालू असताना फोटो डिलीट केला की तो फोनमधून पण जातो आणि क्लाउडवरून पण, ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतो, मग संपलं. जागाच हवी असेल तर 'फ्री अप स्पेस' वापरा, ते फक्त बॅकअप झालेल्या फोटोंची फोनमधली कॉपी काढतं. शिवाय २ वर्षं न वापरलेलं अकाउंट गूगल उडवू शकतं, म्हणजे घरातलं कोणी गेलं असेल आणि फोटो त्यांच्याच जीमेलवर असतील तर आजच उतरवून घ्या. मावशीला सांगितलंय, डिस्क राहू दे, वर्षातून एकदा लावून बघ चालते का.

अमेरिकेचं काय घेऊन बसलात, ठाणे-वाशी लोकलने रबाळे, महापे पट्ट्यात या, डेटा सेंटरच्या बिनखिडक्यांच्या इमारती आणि त्यांचे जनरेटर दिसतील. अॅमेझॉनचं मुंबई रीजन, म्हणजे इथल्या डेटा सेंटरचा गट, २०१६ पासून आहे, गूगलचं २०१७ पासून, आणि पेमेंटचा डेटा भारतातच ठेवा हा रिझर्व्ह बँकेचा आदेश २०१८ चा. तुमचं जीमेल कुठे ठेवायचं ते मात्र गूगल ठरवतं, तेवढा मुद्दा त्यांचा.

सर्व्हरलेसमध्ये सर्व्हर असतोच, तो आपण सांभाळायचा नसतो एवढंच. यापेक्षा जास्त यावर लिहिणार नाही.

खर्चाचं म्हणाल तर नवीन, छोट्या कंपनीला क्लाउड परवडतं, अगदी मान्य, पण निम्मा होतो असा काही नियम नाही. बेसकॅम्प हे ऑफिसच्या कामाचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या ३७सिग्नल्स कंपनीने तर २०२२ मध्ये बिलांना कंटाळून क्लाउड सोडतोय असं जाहीर केलं आणि स्वतःच्या सर्व्हरवर गेले. क्लाउडवर मशीन चालू असेल तेवढा वेळ भाडं लागतं, आणि आपल्याकडे शुक्रवारी टेस्टिंगची मशीन चालू ठेवून लोक घरी जातात आणि सोमवारी मॅनेजर बिल घेऊन उभा असतो. बजेट अलर्ट, म्हणजे खर्च ठरलेल्या रकमेवर गेला की येणारी सूचना, लावायला पाच मिनिटं लागतात, ते करा आधी.