जमीन त्याची, पाणी कुणाचं?

आठवडाभर इंदूरच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मला तो रामबागेतून आला, लोकमान्य नगरातून आला, शेवटी पुण्याच्या मावसबहिणीनेही पाठवला. सार असं: 'तलावाच्या वरच्या अंगाच्या शेतकऱ्यांनी पाणी स्वच्छ राखावं म्हणून त्यांच्या खाजगी जमिनीवर सरकारने पैसा का घालावा? जमीन त्याची, फायदा त्याचा, खर्च आपला! घाण करेल त्याने निस्तरावं. पाणी साफ करायला फिल्टर प्लांट आहेतच. आमच्या सोसायटीची टाकी सरकार धुवून देतं का?'

टाकीच्या ओळीला मीही हसलो. पण सोसायटीच्या टाकीतलं पाणी सोसायटीच्याच नळाला येतं. महूकडच्या शेतांवरून वाहिलेला पाऊस गंभीर नदीत जातो, गंभीर यशवंतसागर तलावात, आणि तिथलं पाणी शहराच्या पश्चिम भागात अजूनही प्यायलं जातं. नर्मदेचं पाणी १९७८ मध्ये इंदुरात आलं म्हणून होळकरांचा हा तलाव काही रिटायर झालेला नाही.

आता 'फायदा त्याचा'. दोन वर्षांपूर्वी जुलैत हातोदच्या बाजूला एका ओळखीच्या शेतावर गेलो होतो. रात्री बदाबदा पाऊस झाला होता. सोयाबीनच्या उघड्या सरीतून येणारं पाणी अगदी कडक चहाच्या रंगाचं. ओंजळीत घेतलं तर बोटांच्या फटीत काळी माती राहिली. शेजारी नाल्याकाठी दहा-बारा पावलं रुंद दूब, म्हणजे हरळी, माजली होती, तिच्यातून झिरपून येणारं पाणी बरंच नितळ. मी शहाणपणाने म्हटलं, अशी पट्टी सगळ्या काठाने ठेवा की. शेतकरी म्हणाला, "पट्टी मैं छोड़ूँ, फसल मेरी जाए, और साफ पानी आप पियो?" मला उत्तर सुचलं नाही. मेसेज लिहिणाऱ्याला सुचत असेल तर कळवावं.

'घाण करेल त्याने निस्तरावं' हे तत्त्व माझंही. वेल्लोरच्या चामड्याच्या कारखान्यांच्या खटल्यात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते आपल्या कायद्याचा भाग मानलं. पण कारखान्याला सांडपाण्याचा नळ असतो, नळाशी बाटली धरून मोजता येतं. शेकडो शेतांतून एकाच पावसात किती युरिया कुणाचा वाहिला, हे कोण मोजणार? अमेरिकेलाही हे जमलेलं नाही. तिथल्या १९७२ च्या स्वच्छ पाणी कायद्याने कारखान्यांना परवाने लावले, शेतातलं वाहतं पाणी मात्र परवान्याबाहेरच राहिलं. मग १९९६ पासून तिथल्याच केंद्र सरकारची एक योजना शेतकऱ्याशी करार करून गवताच्या पट्टीसारख्या कामांचा साधारण ७५ टक्क्यांपर्यंत खर्च उचलते, उरलेला त्याचा. काम मध्येच सोडलं तर पैसे परत मागता येतात. याला खिरापत कसं म्हणायचं?

फिल्टर प्लांटचं म्हणाल तर तुरटी गाळ बसवते, क्लोरीन जंतू मारतं. खतातलं नायट्रेट दोघांनाही दाद देत नाही, आणि उकळलं तर पाणी आटून त्याचं प्रमाण उलट वाढतं. लिटरमागे ४५ मिलिग्रॅम ही आपल्या मानकाची मर्यादा. तान्ह्या बाळाच्या बाटलीत त्याहून जास्त गेलं तर रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते. ते काढायला आरओसारखी महागडी यंत्रणा लागते, तिचं बिल कुणाच्या नावे येईल? न्यूयॉर्कने हाच हिशेब केला. अब्जावधी डॉलरचा फिल्टर प्लांट बांधण्याऐवजी १९९७ च्या कराराने शहराने वरच्या डोंगरांतल्या पाणलोटावर पैसा घातला. गोठ्यांची आणि शेतांची सुधारणाही त्यात आली, आणि तीही खाजगी जमिनीवरच.

पैसे मध्येच खाल्ले जातात, हा आक्षेप मेसेजमध्ये नाही. असायला हवा होता, कारण तोच खरा आहे. कागदावरची तळी आपण सगळ्यांनी ऐकली आहेत. म्हणून पैसा आधी देऊ नये. काम बघून द्यावा, आणि थोडा हप्ता पुढच्या दोन पावसाळ्यांनंतर.

राहिला प्रश्न कुणी किती द्यायचं. आपल्या मध्यप्रदेशच्या शेततळ्यांसाठीच्या बलराम तालाब योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला खर्चाच्या ४० टक्के, कमाल ८० हजार अनुदान ठरलं होतं. बाकी त्याने घालायचे, आणि ते रास्तच, कारण तळ्यातलं पाणी त्याच्याच गव्हाला जातं. गवताच्या पट्टीतून त्याला जनावरांपुरता चारा तेवढा मिळणार, पाणी सगळं आपल्याकडे येणार. तिथे ४० त्याचे आणि ६० आपले म्हटले तरी मला तो जास्तच देतोय असं वाटेल.