सातवी मॅच, सातव्यांदा

रविवारी रात्री टीव्ही बंद केला तेव्हा रिमोटचं मागचं झाकण उडून सोफ्याखाली गेलं होतं. मी रिमोट फेकला नव्हता. ठेवला होता, जरा जोरात.

आमची आइस हॉकीची टीम, टोरांटोची मेपल लीफ्स, हरली. ६-१. घरच्या बर्फावर. सातव्या मॅचला, म्हणजे सातांतल्या चार जिंकायच्या सीरिजच्या निकाली मॅचला. बरं, बुधवारी पाचवी मॅच कितीने हरले होते? याच बर्फावर, याच फ्लोरिडाकडून, ६-१! मग शुक्रवारी त्यांच्या घरी जाऊन २-० ने जिंकायचं काय नडलं होतं? हरायचंच होतं तर तेव्हाच हरायचं ना, निदान माझा रविवार तरी वाचला असता. दुसऱ्या पिरियडमध्ये बघता बघता तीन गोल खाल्ले. तिसऱ्याच्या सुरुवातीला आमच्या डोमीने एक परत केला, आख्खं घर उभं राहिलं, आणि आम्ही परत बसायच्या आत त्यांचा चौथा. या सीरिजमध्ये आपण पहिल्या दोन्ही मॅच जिंकून पुढे होतो, हे कुणाला आठवतंय का? मला आठवतंय. मी तेव्हा पेढे आणले होते.

फ्लोरिडा! जिथे बर्फ सरबताच्या पेल्यात दिसतो.

मी २००४ च्या जानेवारीत ठाण्याहून टोरांटोला आलो. हॉकी म्हणजे ध्यानचंद आणि खडकीचा धनराज पिल्ले, एवढीच माझी समज. ऑफिसातल्या लोकांनी त्या एप्रिलमध्ये धरून बसवलं, आणि मेपल लीफ्सनी ओटावाला सातव्या मॅचमध्ये हरवलं. म्हटलं, बरी दिसते टीम, हिलाच धरू. पुढच्याच वर्षी मालक आणि खेळाडूंचं भांडण होऊन आख्ख्या लीगचा सीझन रद्द झाला. तेव्हाच शहाणं व्हायला हवं होतं. त्यानंतर २०१३ पर्यंत प्लेऑफचं, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेऱ्यांचं, तोंड दिसलं नाही, आणि पुढची सीरिज जिंकली थेट २०२३ मध्ये. म्हणजे मधल्या काळात मला मुलगा झाला, तो शाळेत गेला, त्याला मिसरूड फुटलं, आणि मग लीफ्सनी एक फेरी जिंकली. एक फेरी. लोक रस्त्यावर नाचत होते. मीही होतो, खोटं कशाला बोलू.

२०१३ ची ती सोमवारची रात्र मात्र मेलो तरी विसरणार नाही. बॉस्टनशी सातवी मॅच, तिसऱ्या पिरियडमध्ये ४-१ ने पुढे. मुलगा आठ वर्षांचा, सकाळी शाळा. त्याला म्हटलं, जा रे झोप, जिंकलो आपण. बायकोला म्हटलं, उद्या शिरा कर. तेवढ्यात ४-२. ठीक आहे, होतं असं. एक मिनिट बावीस सेकंद उरलेत, ४-३. एक्कावन्न सेकंद उरलेत, ४-४. ओव्हरटाइममध्ये त्यांच्या बर्जेरॉनने पक, म्हणजे ती रबराची चकती, आत ढकलला आणि मी अंधारात बसून राहिलो. सकाळी पोरगं डोळे चोळत खाली आलं आणि विचारलं, "बाबा, किती झाले?" मी त्याच्या हातात शिऱ्याची ताटली दिली. रवा रात्रीच भाजून ठेवला होता, मग काय करणार.

तेव्हापासून ये रे माझ्या मागल्या. २०१८ ला बॉस्टन, सातवी मॅच. २०१९ ला बॉस्टन, सातवी मॅच. २०२१ ला मॉन्ट्रियलविरुद्ध ३-१ ने पुढे असून सातवी मॅच. २०२२ ला टॅम्पा. २०२४ ला परत बॉस्टन, आणि तीही ओव्हरटाइममध्ये. आता २०२५ ला हे. सातवी मॅच सलग सातव्यांदा घालवली. साडेसातीसुद्धा साडेसात वर्षांनी उतरते हो.

आणि २०२० चा फेब्रुवारी! आमच्याशी खेळताना कॅरोलायनाचे दोन्ही गोली, म्हणजे गोलकीपर, जखमी झाले, म्हणून स्टेडियममध्ये अडीनडीला ठेवलेला डेव्हिड एयर्स उतरला. वय ४२. एरवी बर्फ गुळगुळीत करणारं झांबोनी यंत्र चालवणारा माणूस. पहिले दोन शॉट त्याच्याकडून सुटले, पुढचे आठच्या आठ अडवले. कोट्यवधी डॉलर घेणाऱ्या आमच्या वाघांना तो हरवून गेला, ६-३. सोमवारी ऑफिसात मॉन्ट्रियलवाल्या सहकाऱ्याने माझ्या टेबलावर फरशी पुसायचा मॉप आणून ठेवला. मी काय बोलणार?

आमचा शेवटचा स्टॅन्ली कप, म्हणजे लीगची ट्रॉफी, १९६७ चा. मॉन्ट्रियललाच हरवून. लीगमध्ये तेव्हा मोजून सहा टीम होत्या. आता बत्तीस आहेत, त्यातली लास वेगासची २०१७ मध्ये जन्मली आणि २०२३ मध्ये कप घेऊन गेली. आम्ही अजून १९६७ उगाळतोय. त्या टीमचा बचावपटू टिम हॉर्टन, ज्याच्या नावाची कॉफी आख्खा कॅनडा पितो. म्हणजे सकाळी कॉफी घ्यायला गेलं तरी कपावर जखम लिहिलेली.

हरण्याची सवय झाली हो, त्याचं काही नाही. हरतात तरी कुणाचं काहीच अडत नाही, खरी आग तिथे लागते. पूर्वी असं नव्हतं. १९३१ मध्ये, महामंदीत, टीम चालवणाऱ्या कॉन स्माइथने मेपल लीफ गार्डन्स हे स्टेडियम जून ते नोव्हेंबर एवढ्यात उभं केलं, तेही मजुरांनी मजुरीचा काही भाग शेअर्समध्ये घेतला म्हणून. १९४२ मध्ये याच लीफ्सनी फायनलला पहिल्या तिन्ही मॅच हरून मग डेट्रॉइटला हरवलं होतं. हो, याच! मग मालक म्हणून हॅरॉल्ड बॅलर्ड आला. १९७२ मध्ये फसवणुकीच्या गुन्ह्यात तुरुंगात गेला, बाहेर आला, आणि १९९० मध्ये मरेपर्यंत टीम त्याचीच. लीगने सांगितलं जर्सीवर खेळाडूंची नावं घाला, तर या पठ्ठ्याने निळ्या जर्सीवर निळ्याच अक्षरांत घातली, कारण नावं दिसली तर माहितीपत्रकं कोण विकत घेणार! प्रेक्षक काय, येतच होते.

आजही तेच. त्या गार्डन्सच्या तळमजल्यावर आता सुपरमार्केट आहे. मैदानाचा मध्यबिंदू होता तिथे फरशीवर लाल ठिपका रंगवलाय. एकदा मी कांदे घेऊन त्या ठिपक्यावर दोन मिनिटं उभा होतो, तर मागची बाई म्हणाली, एक्स्क्यूज मी, ढकलगाडी न्यायचीय.

आणि तिकिटं? मुलाने पार्टटाइम कामाच्या पैशातून परवाच्या मॅचचं तिकीट काढलं, कुठल्याशा पुनर्विक्रीच्या ॲपवरून, वर त्यांची 'सुविधा फी'. कसली सुविधा? तेवढ्यात मी ठाण्याचं एका बाजूचं विमान पकडलं असतं. चोपन्नाव्या रांगेत बसवल्यासारखा कोपरा, आणि समोर बर्फावर चिडलेल्या लोकांनी फेकलेल्या जर्सी पडतायत. घरी आला, एक शब्द बोलला नाही. अंगावर कुणीतरी बिअर सांडलेली.

सकाळी धुवायचे कपडे गोळा करत होतो तर वरून आवाज आला, "बाबा, माझी लीफ्सची जर्सी उलटी करून धुवा हां, थंड पाण्यात. नाहीतर नंबर निघतो. ऑक्टोबरला नव्या सीझनला लागेल."

केली उलटी. थंडच पाण्यात टाकलीय. माझीही होती, तीही टाकली.