केयी की केळी?
मुलांना लिहायची गोडी लावण्यावरच्या लेखात म्हटलंय रोज एक पान शुद्धलेखन गिरवायला लावण्यापेक्षा खेळातून लिहू द्या, अगदी पटलं. आम्ही जळगावकडचे, मुलगी पहिलीत. पेन्सिल हातात दिली की हिचं पोट दुखायचं!! मग उन्हाळ्यात ओट्यावर पाण्यात बुडवलेला ब्रश दिला, इथल्या उन्हात अक्षर मिनिटभरात वाळून गायब, की ही परत लिहायला तयार, चुकलं तरी खोडायची भानगडच नाही. भरीत पार्टीची यादी पण तिच्याकडेच दिली, वांगी, मिरच्या, कांद्याची पात, कळण्याचं पीठ.. आणि खाली ‘केयी’. कारण आजी तसंच म्हणते ना, आमच्याकडे बोलीत ळ चा य होतो. शाळेत यावर लाल गोल पडला असता, मी तसंच राहू दिलं आणि शेजारी तिच्याकडूनच ‘केळी’ लिहून घेतलं. आता आजी सांगते आणि नात लिहिते. कवयित्री बहिणाबाई चौधरींना तरी कुठे लिहिता येत होतं, त्या गायच्या आणि त्यांचा मुलगा सोपानदेव उतरवून घ्यायचा. फक्त एक, लेखात लिहिल्यावर स्टिकर बक्षीस द्या म्हटलंय ते नको वाटतं, आमची स्टिकरसाठीच लिहायला लागली होती, बंद केलं.