भाऊ, आधी फिरायला लागा

महत्त्वाकांक्षी व्हायचं ठरवलंच आहे ना भाऊ? मग आधी ते घरी बसणं सोडा. इंग्रजीतला ‘ॲम्बिशन’ हा शब्दच मुळी फिरस्त्यांचा. लॅटिनमध्ये ‘अम्बि’ म्हणजे भोवती, ‘इरे’ म्हणजे जाणं, मिळून ‘अम्बिरे’. रोममधला इच्छुक मतं मागत गल्लोगल्ली हिंडायचा, त्या हिंडण्याला म्हणत ‘अम्बितियो’. डोंगर चढणं, तारे तोडणं वगैरे त्यात काही नव्हतं. चपला झिजवणं होतं.

आणि चपला झिजवायला नागपूरसारखं गाव नाही. 1956 पर्यंत आपण राजधानी होतो. ती गेली, 1953च्या नागपूर कराराच्या पुण्याईनं हिवाळी अधिवेशन तेवढं पदरात राहिलं. तेव्हा डिसेंबर वाया घालवू नका. सकाळी रविभवन, दुपारी विधानभवन, संध्याकाळी आमदार निवास. काम काय, असं कोणी विचारलं तर ‘भाऊंनी बोलावलं’ म्हणायचं. कोणते भाऊ, हे नागपुरात कोणी विचारत नाही.

कपडे पांढरे हवेत. रोमचे इच्छुक खडूची भुकटी चोळून आपला टोगा झळझळीत पांढरा करत. त्या पांढऱ्याला ‘कान्दिदुस’ म्हणत, आणि त्यातूनच पुढे ‘कँडिडेट’ निघाला. तुम्ही खादीला कडक इस्त्री मारली तरी चालेल. चुना पुढे लोकांना लागायचाच आहे.

सोबत एक पोरगा ठेवा. रोमचे पुढारी असा एक गुलाम बाळगत; समोरून येणाऱ्याचं नाव तो मालकाच्या कानात सांगे, की मालक लगेच जुनी ओळख असल्यासारखा हात हातात घेई. तुमच्याकडे भाचा असेलच. ‘काकाजी, गुडघा कसा आहे?’ एवढं जमलं तरी वॉर्ड अर्धा खिशात. (गुडघा त्यांच्या भावाचा दुखतो, हे नंतर कळतं. फरक पडत नाही.)

आता मराठी शब्द. महत्त्व अधिक आकांक्षा. होर्डिंगवर लिहाल तेव्हा ‘महत्त्व’मधला एक ‘त’ पेंटर खाईल. खाऊ द्या, पुढे तुम्हालाही बरंच खायचंय. आकांक्षेबद्दल मात्र आपल्या नैयायिकांनी, म्हणजे न्यायशास्त्राच्या पंडितांनी, फार बारकाईनं लिहून ठेवलंय. वाक्याला अर्थ यायला तीन गोष्टी लागतात, म्हणे: आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी. शब्दाला पुढच्या शब्दाची ओढ हवी, दोघांचं जुळायला हवं आणि दोघं जवळजवळ उच्चारले जायला हवेत. ‘विस्तवानं शिंपतो’ या वाक्यात ओढ आहे, जवळीक आहे, योग्यता तेवढी नाही. म्हणून ते वाक्य बाद. बिचारे तिकीटवाटपाला कधी बसले नसावेत. तिथं आकांक्षा आणि सन्निधी, बस्स. साहेबांच्या गाडीत मागच्या सीटवर जागा मिळवा, शिंपण आपोआप होईल.

एक सावधगिरी. त्याच ‘अम्बिरे’पासून ‘अम्बितुस’ निघाला, म्हणजे मतं विकत घेण्याचा गुन्हा. जेवणावळी, खेळांच्या फुकट जागा, मागे चालायला भाड्याची माणसं, सगळं त्यात आलं. तर्रीपोह्यांचा उल्लेख मात्र कुठं सापडत नाही, तेव्हा निर्धास्त वाढा. इ.स.पू. 63 मध्ये रोमचा पुढारी आणि नावाजलेला वकील सिसेरो यानं कायदा कडक केला, शिक्षा 10 वर्षं हद्दपारी. त्याच वर्षी मुरेना नावाचा उमेदवार याच आरोपात सापडला आणि निर्दोष सुटला. त्याच्या बाजूनं बोलायला सिसेरोच उभा होता.

तेव्हा भाऊ, वकिलाचा नंबर आजच घेऊन ठेवा.